पगारेसाहेबांचा चालता खडा

पुंजाराम पगारे यांचं पोट दुखायला लागलं ते एकोणीसशे एकोणऐंशीच्या मे महिन्यात, शेजारच्या गेणू भालेरावांच्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. पहिला संशय अर्थातच लग्नातल्या बुंदीवर गेला. पण बुंदी तीन दिवसांत निर्दोष सुटली आणि पोट मात्र दुखतच राहिलं. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या, "अहो, डाक्टरकडं तरी जाऊन या." पगारे म्हणाले, "जाणारच आहे." आणि मग ते जे बोलले त्यानं पुढचा सव्वा महिना चार डॉक्टरांना, दोन कुटुंबांना आणि एका सरकारी कार्यालयाला कामाला लावलं. ते म्हणाले, "जाणार, पण कुठं दुखतंय ते मी त्यांना सांगणार नाही. ते त्यांनी शोधायचं."

वाचकांचा गैरसमज होण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. पगारे काही डॉक्टरला घाबरणारे गृहस्थ नव्हते. सुईला तर ते मुळीच घाबरत नसत. त्यांचा प्रश्न तत्त्वाचा होता, आणि ज्या माणसाचा प्रश्न तत्त्वाचा असतो त्याच्या घरच्यांनी काय करावं हे अजून कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

हे तत्त्व आलं होतं त्यांच्या नोकरीतून. नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमध्ये ते सोळा वर्षं तपासनीस होते. छापलेला कागद समोर यायचा, त्यातला दोष हुडकायचा आणि पेन्सिलीनं गोल करायचा, एवढंच काम. पण त्या कामाचा पगाऱ्यांच्या टेबलावर एक दंडक होता. एकानं तपासलेला कागद दुसऱ्याकडे जाई, आणि पहिल्यानं दुसऱ्याला काही म्हणजे काही सांगायचं नाही. भुवईसुद्धा उडवायची नाही. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर कागद तिसऱ्याकडे. "सांगून सापडला त्याला दोष सापडला म्हणत नाहीत," असं पगारे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावत. सोळा वर्षांत त्यांच्या हातून दोष निसटला नव्हता आणि सोळा वर्षांत त्यांच्या नाकावर चष्मा चढला नव्हता. त्या सेक्शनात चाळिशीनंतर बिनचष्म्याचे ते एकटेच. साहेब लोकसुद्धा पाहुणे आले की त्यांच्याकडे बोट दाखवत. त्यामुळे स्वतःचं पोट तपासायला देताना त्यांनी हाच दंडक लावला, यात त्यांना तरी काही वावगं दिसलं नाही.

पहिला नंबर लागला कॉलनीतल्या डॉक्टरांचा. हे डॉक्टर स्वभावानं भले. जीभ बघायची, पाठीवर नळी लावायची आणि लाल औषधाची बाटली भरून द्यायची, यात त्यांचं आयुष्य सुखात चाललं होतं.

"या पगारे. काय होतंय?"

"ते तुम्ही बघा," पगारे खुर्चीवर ताठ बसत म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. "ताप आहे का?"

"असेल तर सापडेलच."

डॉक्टरांनी ताप बघितला. नव्हता. घसा बघितला. छाती बघितली. कान बघितले. पगारे शांतपणे एकेक अवयव पुढे करत होते. पोटाची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी दोन बोटं इकडे दाबली, दोन तिकडे दाबली. नेमक्या जागी बोट पडलं तेव्हा पगाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ओरडणं म्हणजे सांगणंच की! शेवटी डॉक्टरांनी अंदाजानं कानाचे थेंब दिले. बाहेर येताच यशोदाबाईंनी विचारलं, "काय म्हनले?" पगारे म्हणाले, "नापास."

यशोदाबाईंनाही तोंड उघडायची बंदी होती. त्या प्रत्येक दवाखान्यात बरोबर जात आणि बाकावर बसून पदराचं टोक चावत. एकदा कॉलनीतले डॉक्टर बोलवायला बाकापाशी आले तेव्हा त्या "यांचं पो—" इथपर्यंत आल्या होत्या, तेवढ्यात पगाऱ्यांनी अशा काही नजरेनं पाहिलं की उरलेलं पोट त्यांनी गिळून टाकलं.

आता गेणू भालेरावांबद्दल थोडं. भालेराव कॉलनीच्या मंडळाचे सेक्रेटरी. सकाळी "जयभीम, पगारेभाऊ" म्हणत घरात शिरायचे ते चहा झाल्याशिवाय निघायचे नाहीत. त्यांच्या नात्यात प्रत्येक रोगाचा एकेक माणूस होऊन गेला होता. कावीळ म्हणा, त्यांचा चुलता तयार. दमा म्हणा, थोरल्या साडूचे वडील. आणि ही सगळी मंडळी गोष्टीच्या शेवटी गेलेलीच असत.

"पगारेभाऊ," भालेराव बशीत चहा ओतत म्हणाले, "पोट म्हणजे साधी गोष्ट नाही. आमच्या आत्याचा जावई असाच. नुसता हात ठेवायचा पोटावर. हात ठेवता ठेवता गेला. तुम्ही नाशकात जा. तिथं फोटो काढतात आतला."

फोटो हा शब्द पगाऱ्यांना पटला. फोटो म्हणजे छापील कागदच. कागद खोटं बोलत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला कुणी काही सांगावं लागत नाही.

गुरुवारी ते शहर बसनं शालिमारला उतरले. तिथले डॉक्टर मोठ्या डिग्रीचे. त्यांनीही विचारलं, काय होतंय. पगाऱ्यांनीही सांगितलं, तुम्ही बघा. पण हे डॉक्टर हुशार होते. त्यांनी पगाऱ्यांच्या मागे बाकावर बसलेल्या यशोदाबाईंकडे पाहिलं. यशोदाबाईंनी तोंडातून अक्षर काढलं नाही, फक्त बसल्या जागी पोटावर हात ठेवला. आपलं पोट, आपला हात, त्यात बंदी मोडल्याचं कुठं येतं? डॉक्टरांनी पगाऱ्यांना उपाशीपोटी एक पेलाभर पांढरं औषध प्यायला लावलं. ते औषध चुना कालवल्यासारखं जड आणि घट्ट होतं. ते पोटात उतरताना डॉक्टरांनी फोटोवर फोटो काढले.

"थोडी सूज दिसतेय," ते फोटो दिव्यावर धरून म्हणाले. "पण सूज कशानं आली ते फोटो सांगत नाही, ते तुम्ही सांगायचं. जेवणाची वेळ काय? तिखट किती? कसल्या गोळ्या घेता का रोज?"

पगारे रोज गोळ्या घेत. सकाळी अनशापोटी दोन आणि दुपारी दोन. पण त्या डोकेदुखीच्या होत्या. डोक्याच्या गोळ्यांचा पोटाशी संबंध काय? शिवाय तपासनिसानं कागदालाच दोष विचारायचा म्हणजे काय? "आपण तपासा," एवढंच ते बोलले. डॉक्टर म्हणाले, "अहो, दोघांनी मिळून शोधायचं असतं हे." पगारे उठले, फोटोचं पाकीट घेतलं आणि घरी आल्यावर ते कपाटामागे सरकवून दिलं. हाही नापास. आणि दंडकाप्रमाणे या नापासाचा निकाल पुढच्याला कळता कामा नये.

तिसरे डॉक्टर मेनरोडच्या एका गल्लीत होते, आणि त्यांना भेटल्यावर पगाऱ्यांना आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. कारण हे डॉक्टर काही विचारतच नसत. त्यांना वेळच नव्हता. पेशंट आत आला की झोपवायचा, स्वतःच्या मशीनवर फोटो काढायचा, पुढचा आत घ्यायचा. न विचारणारा डॉक्टर आणि न सांगणारा पेशंट, अशी गाठ पडायला भाग्य लागतं. "याआधी कुठं दाखवलं होतं?" एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला, तोही खिडकीतून बाहेर बघत. पगारे म्हणाले, "कुठंच नाही." हे खोटं होतं, पण तत्त्वाला धरून होतं.

त्या सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी ओला फोटो उजेडात धरला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भाव उमटला. उजव्या कुशीत, बरगडीखाली, एक पांढराशुभ्र गोळा बसला होता.

"खडा," डॉक्टर म्हणाले. "लिंबाएवढा. ऑपरेशन. ताबडतोब."

खरं सांगायचं तर पगाऱ्यांना भीती वाटली. ऑपरेशन या शब्दाची कुणालाही वाटते. पण त्या भीतीच्या वर एक मोठं समाधान तरंगत आलं. एक शब्द न सांगता दोष सापडला होता! दुखायचं ते मधोमध आणि खडा निघाला उजवीकडे, ही बारीक गोष्ट त्यांनी डोक्यातून काढून टाकली. दोष आपल्या जागेवर असतो, कागदानं त्यावर मत द्यायचं नसतं.

त्यानंतरचे दोन दिवस कॉलनीत पगाऱ्यांचे होते. फोटो खिडकीत ठेवला होता. पगारे तो हात लांब करून धरत आणि समजावून सांगत. लिंबाचं मोसंबं व्हायला एक दिवस लागला. भालेरावांनी तर चौकात नारळापर्यंत मजल मारली. त्यांच्या नात्यात खड्याचेही तिघेजण होते, पण एवढा खडा त्यांच्यातल्या एकाच्याही नशिबी आला नव्हता, आणि याचं त्यांना थोडं वाईटही वाटत होतं.

सटाण्याहून पगाऱ्यांची म्हातारी आत्या धोंडाबाई आली. घोटीहून यशोदाबाईंचा भाऊ केरू तांदळाची पिशवी घेऊन आला. तांदळाचा आणि खड्याचा काय संबंध असं कुणी विचारलं नाही, कारण घोटीचा माणूस मोकळ्या हातानं येत नसतो. धोंडाबाई दारातूनच ओरडली, "काय व्हयनं रे पुंजा? कोठे दुखस?"

"आत्या, ते आता महत्त्वाचं नाही," पगारे म्हणाले. "फोटो निघाला आहे."

"फोटोले काय चाटू? तुले इचारस मी, कोठे दुखस?"

पगाऱ्यांनी विषय बदलला.

रजेच्या अर्जानं मात्र त्यांचा अंत पाहिला. अर्जात एक रकाना होता, आजाराचे स्वरूप. पगाऱ्यांनी लिहिलं, 'खडा, तपासणीअंती सिद्ध.' कारकुनानं अर्ज परत केला. कुठल्या अवयवात ते लिहा म्हणाला. पगाऱ्यांनी लिहिलं, 'पोटात.' पुन्हा परत. पोट हा अवयव नाही म्हणे, पोटात पुष्कळ अवयव असतात. तिसऱ्या वेळी कारकुनानं सांगितलं, आजवर ज्या ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांची यादी जोडा. पगारे त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाले, "एकच." कारकून म्हणाला, "मग तसं लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं. सोळा वर्षांत सरकारी कागदावर लिहिलेलं ते त्यांचं पहिलं खोटं वाक्य होतं, आणि त्याचा त्यांना दिवसभर त्रास झाला. त्या दिवशी त्यांनी डोकेदुखीच्या सहा गोळ्या घेतल्या.

मेनरोडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती ती गंगापूर रोडच्या डॉक्टर खंडेराव बोरस्ते यांच्या नावानं. बोरस्ते सर्जन होते, चाळिशीचे, हळू बोलणारे. त्यांचा दवाखाना आठ खाटांचा आणि नाव मोठं. बुधवारी पगारे तिथं दाखल झाले. बरोबर यशोदाबाई, केरू आणि धोंडाबाई. मागच्या बसनं भालेराव. व्हरांड्यात एवढी माणसं मावेनात तेव्हा नर्सनं तिघांना पायरीवर बसवलं.

बोरस्ते स्टूल ओढून खाटेजवळ बसले. त्यांनी फोटो पाहिला. पुन्हा पाहिला. "फारच पांढरा आहे," ते स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी एक छापील कागद पगाऱ्यांच्या हातात दिला. "हे संमतीपत्र."

कागद हातात येताच पगाऱ्यांचं दुखणं क्षणभर थांबलं. त्यांनी तो लांब धरला, उजेडासमोर तिरका केला, कडेवरून बोट फिरवलं. शाई एकसारखी होती, डावीकडची रेघ मात्र केसभर सरकली होती. "छपाई बरी आहे," असा शेरा मारून त्यांनी सहीसाठी पेन काढलं. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नव्हतं. ते यशोदाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. त्या चौथी पास होत्या आणि एकेक अक्षर लावून वाचत.

"अहो, हे तर कोरंच हाय मधी," त्या म्हणाल्या. "कशाचं ऑपरेशन, कशासाठी, ते लिव्हलंच नाय."

"ती जागा पेशंटनं भरायची," बोरस्ते म्हणाले. "तुम्हाला काय होतंय, आपण काय करणार आहोत आणि का, हे तुमच्या शब्दांत लिहा, पगारे. माझ्याकडे हीच पद्धत आहे. जे पेशंटला लिहिता येत नाही ते मी कापत नाही."

पगाऱ्यांना हा उघड अपमान वाटला. "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन तुम्ही करणार की मी?"

"कापणार मी. कापून घेणार तुम्ही. दोघांनाही माहीत असलेलं बरं. कुठं दुखतं तुम्हाला?"

"फोटोत आहे."

"फोटोत खडा आहे. दुखणं नाही."

पगारे छताकडे पाहत राहिले. बोरस्त्यांनी काही घाई केली नाही. त्यांनी कागद उशाशी ठेवला, उद्या सकाळी भरा म्हणाले, आणि आपल्या दवाखान्यातही पोटाचा एक फोटो काढायला सांगून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला जत्रेचं रूप आलं होतं. भालेरावांनी मंडळाचे आणखी चौघे आणले होते. नारळाएवढा खडा निघणार तो बघायचाच, असा त्यांचा बेत होता. केरूनं खडा घरी न्यायला स्टीलचा डबासुद्धा घेतला होता. पगारे हिरवा झगा घालून खाटेवर बसले होते, आणि त्या झग्यातही त्यांनी रुबाब सोडला नव्हता. फक्त उशाशी तो कागद कोरा होता.

बोरस्ते आले ते दोन फोटो घेऊन. त्यांनी दोन्ही खिडकीच्या काचेला शेजारी शेजारी लावले. सोमवारच्या फोटोत खडा उजव्या कुशीत, बरगडीखाली. आजच्या फोटोत तो डाव्या कुशीत, पार खाली.

पायरीवरून आत डोकावणाऱ्या भालेरावांच्या तोंडाचा आ झाला.

"पगारे," बोरस्ते शांतपणे म्हणाले, "सतरा वर्षं खडे काढतोय मी. बसलेले पाहिलेत, अडकलेले पाहिलेत, फुटलेले पाहिलेत. चालत पोटभर फिरणारा खडा पहिल्यांदाच पाहतोय. हा तीन दिवसांत उजवीकडून डावीकडे गेला. कापायचं म्हटलं तर कुठं कापू? मी इकडे कापेपर्यंत हा द्वारकेपर्यंत पोचायचा."

पगाऱ्यांची नजर एका फोटोवरून दुसऱ्यावर फिरली. सोळा वर्षं तपासनीस होते ते. दोन कागदांवर एक ठिपका दोन जागी असेल तर तो ठिपका कागदातला नाही, बाहेरून पडलेला आहे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेरून काय पडलं होतं तेही त्यांना कळलं. शालिमारचा तो पेला त्यांना आठवला आणि तोंडात चुन्याची चव आली. पण ते बोलावं कसं? बोललं की शालिमार बाहेर येणार, कपाटामागचं पाकीट बाहेर येणार, रजेच्या अर्जातलं खोटं बाहेर येणार. आणि कॉलनीला काय सांगायचं, खडा नव्हताच म्हणून? त्यापेक्षा पोट फाडून घेतलेलं काय वाईट, असा विचार त्यांच्या मनात खरोखर येऊन गेला. माणसाची इज्जत ही अशी वस्तू आहे.

"मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही शोधा."

"मग मी सुरी उचलणार नाही," बोरस्ते म्हणाले, पण उठले मात्र नाहीत. स्टुलावर तसेच बसून राहिले.

तेव्हा यशोदाबाई पुढे आल्या. सव्वा महिना त्यांनी पदराचं टोक चावलं होतं, आता ते सोडलं. त्या पगाऱ्यांच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात, पण बोरस्त्यांना ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, "सांगा की. तुमी आता कुनाच्या अंगनात उभं नाय."

पगाऱ्यांनी मान खाली घातली.

दंडक प्रेसचा होता हे खरं, पण त्याचं मूळ प्रेसमध्ये नव्हतं. ते सटाण्याकडच्या एका गावात होतं. तिथले वैद्य ओट्यावर बसत आणि पगाऱ्यांचे वडील अंगणाच्या कडेला उभे राहत, सात वर्षांच्या पुंजाला खांद्यावर घेऊन. दुखणं तिथूनच ओरडून सांगायचं. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जायचं. पोरगं कुठं दुखतं म्हणतं, किती वेळा हगलं, सगळं ओरडून. वैद्य हात लावत नसत. ऐकत, आणि पुडी वरून फेकत. पुडी मातीत पडली की ती बापानं वाकून उचलायची. त्या पोरानं तेव्हाच ठरवलं होतं की आपलं दुखणं आपण कुणाला ओरडून सांगणार नाही. ज्याला हवं असेल त्यानं जवळ यावं, हात लावावा आणि शोधावं. मोठेपणी बाबासाहेबांच्या वाटेनं तो शिकला, नोकरीला लागला, धम्म घेतला, कॉलनीत घर केलं. गाव केव्हाच मागे पडलं, पण ठरवलेलं तसंच राहिलं होतं.

यातलं काही पगारे बोलले नाहीत. बोरस्त्यांनीही काही विचारलं नाही. पण त्यांनी उठून व्हरांड्याचं दार लावून घेतलं, आणि त्यामुळे भालेरावांचं डोकं बाहेर राहिलं. मग स्टूल आणखी जवळ ओढून ते बसले.

"कागद द्या इकडे," पगारे म्हणाले.

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. कोरी जागा चार ओळींची होती, ती पहिल्या मिनिटाला संपली. पगाऱ्यांनी कागद उलटा केला. पाठ संपली तेव्हा नर्सकडून दुसरा मागितला, मग तिसरा. सव्वा महिना अडवून धरलेलं सगळं पाणी एकदम सुटलं होतं. कॉलनीचे डॉक्टर, कानाचे थेंब, शालिमारचा पांढरा पेला, कपाटामागचं पाकीट, रजेचा अर्ज, सकाळच्या दोन गोळ्या, दुपारच्या दोन, परवाच्या सहा. गोळ्या कशाला, तर डोकं दुखतं म्हणून. डोकं का, तर गेल्या वर्षापासून बारीक अक्षर दोन दिसतं म्हणून. ही ओळ लिहिताना त्यांचा हात थोडा थांबला. मग त्यांनी तीही लिहिली, आणि वर 'हे सेक्शनात कोणास ठाऊक नाही' असंही जोडलं.

बोरस्त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली. गोळ्यांपाशी आल्यावर त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीला गोल केला. पगाऱ्यांना तो गोल बघून फार बरं वाटलं.

"हा तुमचा दोष," बोरस्ते म्हणाले. "तो पांढरा गोळा म्हणजे शालिमारचं औषध. खाली उतरत उतरत बाहेर जाईल, तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. पोट जळतंय ते या गोळ्यांनी, वर्षभर, तेही उपाशीपोटी. हे फोटोत कधीच दिसलं नसतं. आता दोन वाटा आहेत. एक, गोळ्या आजपासून बंद, चष्मा घ्यायचा, वेळेवर जेवायचं, मी औषध देतो ते सहा आठवडे घ्यायचं. पण सुजेखाली जखम असली तर एवढ्यानं भागेलच असं नाही, मग पुन्हा बघावं लागेल. दुसरी वाट, आत्ताच आणखी तपासण्या, शंका राहिली तर आत नळी घालून बघणं. त्यासाठी मुंबईला जावं लागेल. दोन्हीत फायदा आहे, दोन्हीत त्रास आहे."

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका तपासनिसाला प्रश्न विचारला. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला पहिली वाट बरी वाटते. पण त्यात चष्मा आहे, आणि तो तुम्हाला लावायचाय. मला नाही."

पगाऱ्यांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. "तुला गं?"

"मला इचारता?" यशोदाबाई म्हणाल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यांना सवय नव्हती. "पन इचारलंच तर सांगते. चष्म्यानं मानूस मरत नाय. भालेरावभाऊंच्या नात्यात बी नाय मेलं कुनी."

पगाऱ्यांनी पेन उचललं. छापील कागदाच्या समासात त्यांनी लिहिलं: 'ऑपरेशन नको. चष्मा घेण्याचे ठरले. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.' खाली सही केली. मग कागद बोरस्त्यांपुढे सरकवून म्हणाले, "इथं तुमची. दोन सह्या लागतात." बोरस्त्यांनी सही केली. पगारे म्हणाले, "आणि इथं हिची." यशोदाबाईंनी पेन हातात घेऊन, जीभ दातांत धरून, पूर्ण नाव लिहिलं.

बाहेर केरूचा डबा रिकामाच राहणार होता आणि भालेरावांना काहीतरी सांगावं लागणार होतं. पण पगाऱ्यांना त्याची आता काळजी वाटली नाही. खडा नव्हता, असं सांगायचं. चार शब्दही लागत नाहीत.

बोरस्त्यांनी पानं एकत्र करून टाचणी लावली. मग ती पुन्हा उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर फिरवली आणि हसायला लागले.

"पगारे, चार पानं लिहिलीत तुम्ही. गोळ्या लिहिल्यात, अर्ज लिहिलात, कानाचे थेंब लिहिलेत. पण कुठं दुखतं ते यात कुठंच नाही."

पगाऱ्यांनी पानांकडे पाहिलं. खरंच नव्हतं. लिहायला त्यांनी पेनही उचललं, आणि मग ते खाली ठेवलं. त्यांनी बोरस्त्यांचा उजवा हात मनगटाशी धरला, झग्याच्या आत नेला, बरगड्यांच्या मधोमध, खड्डा असतो त्याच्या दोन बोटं खाली ठेवला आणि वरून स्वतःच्या हातानं दाबून धरला.

"इथं," ते म्हणाले.